दोन बोटं

डाव्या तळहातात, तर्जनीच्या मुळाशी
एक जागा अजून बधिर आहे.
डिसेंबरात गोदेवरून गार वारा सुटला
की ती जागी होते,
आणि हिरामण भोये चेंडू टाकतो.

बेसबॉल म्हणजे काय
हे आमच्या घरी कुणालाच ठाऊक नव्हतं.
आई म्हणायची, विटीदांडूच ना रे, विटीशिवायचा?
शाळेच्या किटमध्ये सात ग्लोव्हज, आम्ही नऊ.
उजव्या कडेला उभा राहणारा आहेरांचा शरद
नुसत्या हातांनी झेल घ्यायचा.

हिरामण पेठकडचा, आश्रमशाळेतून आलेला.
पहिल्या दिवशी गोल्फ क्लबवर
सरांनी विचारलं, काय टाकतोस?
तो म्हणाला, काय पाडायचंय?

मी कॅचर. म्हणजे उकिडवा बसलेला माणूस.
जाळीतून मला जगात तेवढंच दिसायचं:
वर आलेला गुडघा, मागे गेलेला हात,
आणि मग हात दिसायचाच नाही.
नुसता आवाज. माझ्याच पंजातला.
कडेचे रिक्षावाले वळून बघायचे.

एक बोट म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळणारा.
मांडीआड मी बोटं दाखवायचो, तो मान हलवायचा.
एवढीच आमची भाषा.
तीत आम्ही कधी खोटं बोललो नाही.

राज्य स्पर्धेची फायनल. शेवटची इनिंग.
सकाळपासूनची त्याची दुसरी मॅच.
कोपराला चोळलेल्या बामचा वास
वाऱ्याबरोबर माझ्यापर्यंत येत होता.
मी दोन बोटं दाखवली.
त्यानं नको म्हटलं.
मी पुन्हा दोन दाखवली.

चेंडू असा वळला
की बॅट हवेतच फिरून गेली.
आम्ही धावत जाऊन त्याच्या अंगावर पडलो,
आणि ढिगाखाली तो ओरडत होता ते
आम्हाला आनंदाचं वाटलं.

डॉक्टर म्हणाले, मुंबईला न्या.
कुणी न्यायचं, ते म्हणाले नाहीत.
हाडवैद्यानं लेप दिला.
जूनमध्ये भारतीय संघाच्या शिबिराचं पत्र आलं
तेव्हा त्याला भाकरी मोडायला
डावा हात लागत होता.
बारावीचा पेपर त्यानं निम्म्यात सोडला,
पेन धरवेना.

सर्टिफिकेट सगळ्यांना सारखंच मिळालं.
मी माझं लॅमिनेट केलं,
खेळाडू कोट्यातून महसूलमध्ये लागलो.
चेंडू कुणी टाकला, कुणी झेलला,
असा रकानाच नव्हता फॉर्मवर.

परवा दिंडोरी रोडच्या मार्केटात
टोमॅटोच्या गाडीखाली तो उभा.
वरून एक पोरगा क्रेट सोडत होता,
हा झेलत होता,
डाव्यावर तोलून, उजवा नुसता टेकवून.
एकही निसटला नाही.

मला बघून हसला, बाहीला घाम पुसला.
वीस वर्षं घोळवलेलं वाक्य
मी तोंडाशी आणलं, तोवर त्यानंच विचारलं,
तुझं बोट कसं आहे रे? लई सुजायचं.

बरं आहे, म्हणालो.

वरून पोरगा ओरडला.
पुढचा क्रेट त्याच्या हातून सुटलाच होता.