स्थानिक नाव

घाटंजी रोडवर, बाराव्या किलोमीटरच्या दगडापाशी
गाडी स्टँडवर लावून मी खाली बसले.
पिवळं. चार पाकळ्या,
चारही वरच्या अंगाला सरकलेल्या,
एसटीच्या एकाच बाकावर दाटीनं बसलेल्या बहिणींसारख्या.
चित्रात होतं तसंच. जवळपास.

मग नोंदवहीतला तो रकाना.

झिंगूबाई टेकाम बकऱ्या घेऊन पुलाखालून वर आली.
'डोयानं काय पायतं वं, बोट लाव.'
लावलं. चिकटलं.
'आता हुंग.'
मोहरी, घाम, अन् आणखी काहीतरी
जे लिहायला जागा नाही.

'शेंगा मोहरीवानी, पन आभायाकडं तोंड.
बकरी शिवत नायी याले.
कान ठनकला का पाल्याचा थेंब.'

'पण नाव?'

'मायी माय मने कानफोडी.
सासरी तियवन.
पोडावर नुसतं थे पिवयं मनलं
तरी पोरगं बराबर हेच आनते.'

एवढ्या नावांना रकाना पुरला नाही,
समासात गेले.

रात्री वही उघडली.
'पिवयं'च्या शेवटी, अनुस्वाराच्या शेजारी
एक बी चिकटलेलं,
काळसर, सुरकुतलेलं.
नखानं काढू गेले,
तर कागदच सुटायला लागला.