पंपरूमच्या मागे

माझ्याकडे चाळीस फ्लॅट,
दोन लॉन, एक बंद पडलेलं कारंजं
आणि मालक सिंगापुरात.
दर महिन्याच्या पाच तारखेला तक्ता पाठवते:
लिफ्ट, टँकर, डासांची फवारणी,
आणि अगदी तळाशी, बागकाम, साडेअठरा हजार.
माणसाची नजर तळावरच जाऊन बसते.
उत्तर येतं, 'हे कमी करता येईल का?'
पुढे एक हसरा चेहरा.

करता येईल की.
हिरवळ उपटून प्लास्टिकची अंथरता येईल.
भिवंडीहून नमुना आलाय, पायपुसण्याएवढा.
मी त्यावर चहाचा कप ठेवते.
डाग पडत नाही.

रूपजी दुमाडा सातला येतो, आरेतल्या पाड्यावरून, चालत.
करारात लिहिलंय, कुंपणाची मेंदी अडीच फूट.
तो टेप लावत नाही,
मांडीला लावून बघतो आणि कात्री चालवतो.
मी एकदा मोजलं होतं, त्याला न कळता.
अडीच फूट.

फेब्रुवारीत मोटर जळली
म्हणून तीन वर्षांत पहिल्यांदा
मी पंपरूमच्या मागे गेले.
तिथे रंगाच्या डब्यांत तुळशी,
झाकण हरवलेल्या कुकरमध्ये ओवा,
कुणाच्या तरी बाळाच्या टबात अळू, कानाएवढं एकेक पान,
टाकीच्या ओव्हरफ्लोखाली सगळं ओलं, गार,
आणि प्रत्येकावर ऑइलपेंटने आकडा:
३०४. ७०२. ११०१.

'जाताना टेम्पोत मावत नाय,
लिफ्टपाशी ठेवून जातात.'
फेकून द्यायला सांगितलं होतं ना?
'सांगितलं होतं,' तो म्हणाला,
आणि एक पिकलेलं पान खुडलं.
'टाकलं म्हणजे मेलं, असं नाय ना मॅडम.'

मी मोजायला लागले. सवय.
एकसष्ट.
अकरा महिन्यांचा करार, अकरा महिन्यांचा करार,
पुन्हा अकरा महिन्यांचा,
आणि मधल्या मधे मुळं धरलेलं हे सगळं,
माझ्या कुठल्याच रकान्यात नसलेलं.
७०२ म्हणजे तो नोकरी गेलेला मुलगा,
किल्ली देताना फार वेळ 'थँक्यू' म्हणत राहिलेला.
११०१ म्हणजे गद्रे आजोबा.
भिंतीतल्या खिळ्यांच्या भोकांसाठी
मी त्यांच्या डिपॉझिटमधून नऊ हजार कापले होते.
त्यांचा कढीपत्ता आता माझ्या खांद्याला लागतो.
हात पुसटसा घासला,
वास दुपारभर गेला नाही.

मार्चमध्ये जाहिरातीसाठी फोटोवाला आला.
लॉन पिवळं पडलेलं.
तो हिरवं शोधत शोधत मागे गेला
आणि आकडे दिसणार नाहीत असा कोन धरला.
'निसर्गरम्य परिसर', असं छापून आलं.
भाडं तीन हजारांनी वाढलं.
मालकांचा निरोप: 'सुंदर! हे आपण कधी केलं?'

आपण.
मी बरंच काही टाइप केलं, खोडलं.
शेवटी एवढंच पाठवलं:
बागकाम साडेअठरा हजारच राहू द्यावं.
आणि प्लास्टिकचा नमुना
वॉचमनच्या मांजराला दिला.

मी भांडुपला राहते, भाड्याने.
नऊ वर्षांत पाचवं घर.
खिडकीत फक्त कपड्यांची दोरी,
कुंडी कधीच आणली नाही, पुढच्या वेळी टेम्पोत कोण चढवणार?
मेमध्ये हाही करार संपतोय,
बोलता बोलता रूपजीला सांगून गेले.

दुसऱ्या दिवशी टेबलापाशी तेलाचा डबा,
कढीपत्त्याच्या बुडाशी फुटलेलं रोप, चार पानांचं,
आणि दारात तो, ब्रश घेऊन.
'नंबर काय टाकू, मॅडम?'

जुना सांगायचा की नवा.
नवा तर अजून ठरला नव्हता.
रंग थेंब थेंब फरशीवर पडत होता
आणि पहिल्यांदाच
मी त्याला पुसायला सांगितलं नाही.