स्वयंपाकघर नसलेला एप्रिल

एक तारखेला मिस्त्री कायुमिल आला,
बिडाची जुनी चूल त्यानं उचकटली
आणि अंगणात, सफरचंदाखाली, नेऊन ठेवली.
मागं भिंत राहिली, दात काढलेल्या तोंडासारखी.
"तीस दिवस," तो म्हणाला, "फार तर एकतीस."
एप्रिलला तीसच असतात, हे मी त्याला सांगितलं नाही.

मग आम्ही रोज बाहेर जेवायला निघालो,
ओस्वाल्दो कडक इस्त्रीत, मी लिपस्टिक लावून,
दुसऱ्याच कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखे.
पहिल्या दिवशी पुलापलीकडे, बेटावर :
ब्रेडवर कच्चा खिमा, लिंबू, बारीक कांदा.
दुसऱ्या दिवशी मासळीबाजाराच्या माडीवर
शिंपल्यांचं सार. खाली नदीकाठी
वाल्दिव्हियाचे समुद्रसिंह
जावयासारखे मान वर करून बसलेले.
तिसऱ्या दिवशी बोलणं संपलं.

खरंच संपलं.
मुलीचा फोन, माझा गुडघा, पाण्याचं बिल,
सगळं सुपाबरोबरच आटोपलं.
तेव्हा ध्यानात आलं,
एकतीस वर्षांत आम्ही समोरासमोर बसून
जेवलोच नव्हतो.
घरी एक जण कायम उभा,
मी चुलीपाशी, नाहीतर तो, लाकूड सारत.
बोलायचो ते एकमेकांच्या पाठीशी.
पाठीला काहीही सांगून चालतं.

पुढचे पाच दिवस शेजारच्या टेबलांवरची
भांडणं उसनी घेतली,
घरी येताना चघळत आलो.

नवव्या दिवशी बिअरच्या कारखान्यात.
तांब्याची पोटुशी भांडी,
भिजल्या जवाचा वास, पार माहेरच्या गोठ्यापर्यंत नेणारा.
यास्ना नावाची पोरगी, नाकात रिंग,
फळीवर सहा इवले पेले मांडून गेली,
फिकटापासून काळ्यापर्यंत.
चौथ्या पेल्याशी ओस्वाल्दो म्हणाला,
"एदेल्मिरा, मला कोथिंबीर आवडत नाही."
"कधीपासून?"
"पहिल्यापासून."

एकतीस वर्षं. दर रविवारी. मूठभर, वरून.

पाचवा पेला मी एकटीनं संपवला.
सहाव्याला सांगून टाकलं,
"तुझ्या आईची ती निळी किटली
भूकंपात नाही फुटली."
तो इतका हसला, की यास्ना पाणी घेऊन धावत आली.

नंतर सगळीकडच्या बिअरी झाल्या,
धुराची, मधाची, एक तर चक्क समुद्राच्या शेवाळाची
(ती मी कुंडीत ओतली),
आणि पंधरा तारखेला खिशानं हात वर केले.

मग रात्री घरीच.
बैठकीत इस्त्रीचं टेबल आडवं लावलं,
दोन्ही बाजूंना एकेक उंच स्टूल.
शाळेच्या प्रयोगशाळेतून, निवृत्तीच्या दिवशी,
शंभर मिलिलिटरचं एक मोजपात्र
माझ्या पर्समध्ये आलं होतं. मी घेतलं नव्हतं, ते आलं.
पिस्को साठ, लिंबू तीस, पाक वीस,
अंड्यातला पांढरा,
मुरंब्याच्या बरणीत घालून गदागदा.
झाकण सैल होतं. पडद्यावर डाग अजून आहे.

दुसऱ्या रात्री रानातली मुर्ता ठेचून घातली,
तिसऱ्या रात्री नुसता हात सैल सोडला.
नावं ओस्वाल्दो द्यायचा :
"परवा नक्की", "प्लंबरची सासू वारली",
आणि सगळ्यात कडक,
"टाइल्स अजून सांतियागोत".

तीस तारखेला, कायुमिलनं शब्द पाळला.
सगळं पांढरं, गुळगुळीत.
त्यानं बटण दाबून दाखवलं :
ज्योत नाही, धूर नाही, नुसता एक लाल गोल.
आम्ही टाळ्या वाजवल्या, थोड्या पडेल.

संध्याकाळी मी रस्सा टाकला.
कोथिंबीर चिरली, वेगळ्या बशीत ठेवली.
ओस्वाल्दो बैठकीतून दोन्ही स्टुलं घेऊन आला.
"बस," म्हणाला.
"मग ढवळणार कोण?"
त्यानं खांदे उडवले, बरणी हलवली,
या वेळी झाकण दोनदा तपासून.

दोघंही बसलो.
रस्सा खाली लागला.