चौथं वळण

मला दिलं होतं चौथं वळण,
एक पिवळा झेंडा, एक शिट्टी,
आणि फातर्पेकर सरांनी दोनदा बजावलेला नियम :
कुणी पडलं तरी हात लावायचा नाही.
हात लावलात की ती बाद.

दिवाडीच्या खाजनात तेव्हा भात नव्हतं,
नुसती धसकटं आणि बगळे.
दोन किलोमीटरची एक फेरी, अशा पाच फेऱ्या,
बायकांची आंतरराष्ट्रीय क्रॉस कंट्री,
आमच्या बांधावरून.
नकाशात माझ्या वळणापुढे लिहिलं होतं : कोरडी जमीन.

नकाशा काढणाऱ्याला पुनवेची भरती ठाऊक नव्हती.
मिंगेल तर ठाऊक नव्हताच.
त्यानं रात्री मानशीचं दार उघडं ठेवलं
कोळंबीसाठी, नेहमीसारखं, थोडंसंच.
पहाटे बांधाखाली चाळीस पावलं चिखल,
काळा, खारा, घोट्याच्या वर.
सरांनी कपाळावर हात मारला.
परदेशी पंच मात्र वाकला, दोन बोटांनी चिखल चाचपला
आणि ताजी इसवण बघून गिऱ्हाईक हसावं
तसा हसला.
राहू दे, म्हणाला.

त्या आल्या पहिल्या फेरीबोटीनं.
मला वाटलं होतं, उंच असतील, देवळातल्या समयांसारख्या.
एक तर माझ्या खांद्याला लागेना.
एकीच्या दंडावर थंडीचा काटा,
एक नखं खात पाण्याकडे बघत होती.

मग शिट्टी लांबवर, आणि आधी ऐकू आला श्वास.
ऐंशी सुपांत एकदम तांदूळ पाखडावेत
तसा तो आवाज बांधावरून आला, अंगावरून गेला,
चिखलाचे शिंतोडे माझ्या ओठांवर ठेवून.

याच बांधावरून मी धावले आहे पाच वर्षं
सातची फेरीबोट चुकू नये म्हणून,
चपला हातात.
दप्तर पोटाशी नको, छातीशी धर,
आई दारातून ओरडायची.
मी धरलं. त्यामुळे हात कधी मोकळे हललेच नाहीत.
यांचे हलत होते.
मी फेऱ्या मोजायच्या सोडून कोपरं बघत राहिले.

तिसऱ्या फेरीत दोनशे चौदा नंबर.
डावा बूट चिखलानं धरून ठेवला
आणि ती पुढे गेली, मग बसलीच,
कमरेपर्यंत काळी.
तिच्या छातीवरचा झेंडा मला ओळखता आला नाही.
माझा हात पुढे गेला.
मी तो दुसऱ्या हातानं मागे ओढला,
झेंड्याची काठी दोन्ही मुठींत आवळली.
ती माझ्याकडे बघत होती. मागत नव्हती काही.

नियमात तोंडाबद्दल अक्षर नव्हतं.
ऊठ गे बाये, मी ओरडले.
तिसऱ्या वळणावरून लुर्दीन ओरडली,
धांव गे, धांव, शिट्टी तोंडात ठेवूनच,
म्हणजे अर्धं ओरडणं, अर्धी शिट्टी.
कुठल्या देशाला कळेल ही भाषा?
ती उठली. एका बुटानं गेली.

चौथ्या फेरीला आली तेव्हा तिनं पहिला शोधला नाही.
वाकली, दुसराही काढला,
माझ्या पायाशी फेकला,
आणि अनवाणी सुटली.

कोण जिंकलं ते मी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं.
दोनशे चौदा एकाहत्तरावी.

ओहोटी लागल्यावर कोपरापर्यंत हात घालून
मी तो डावा बूट उपसला. आत एक कुर्ली होती,
ती रागावून निघून गेली.
दोन्ही बूट मानशीवर धुतले.
ती धक्क्यावर बसलेली, पाय पाण्यावर सोडून,
तळवे कालवांनी चिरलेले.
आता हात लावता येत होता.
मी कळशीनं पाणी ओतलं, बोटांमधला चिखल काढायला गेले
तर तिला गुदगुल्या झाल्या,
ती एवढी हसली की बोटीवरचा तिकीटवाला वळून बघू लागला.

मिंगेलला त्या रात्री चार किलो कोळंबी मिळाली.
एक वाटा त्यानं आमच्याकडे धाडला, निरोप काही नाही.
सर अजून भेटले की विचारतात,
दार कुणी उघडं ठेवलं होतं?
भरतीनं, मी सांगते.