तिमिंगलातले दोन

सदरलँडच्या टेकडीवर ऑगस्टात
आधी बिजागरी कुरकुरते, मग घुमट.
फ्रान्सिना क्लास्ते दोन स्वेटरांवर नवऱ्याचा कोट चढवते,
आकडे टाकते,
आणि दुर्बीण, ती लोखंडी म्हैस,
सावकाश मान वळवते तिमिंगलाकडे.

तिथे दोन तारे आहेत. तांबडे. बटू.
आपल्या सूर्याला असले कितीतरी शेजारी,
उंबऱ्यापाशी बसूनही न दिसणारे.
सव्वीस वर्षांत एक फेरा एकमेकांभोवती:
कधी अंगाशी येतात,
कधी चौपट लांब जातात,
मध्ये काहीच नसतं. ओढ असते.

फ्लोर्स मेंढ्या कातरतो.
तो उठतो तेव्हा ती निजायला येते;
पलंगाची एकच बाजू
दोघांनी आळीपाळीनं ऊबदार ठेवलेली.
हंगामात तर महिना-महिना गाठ नाही,
नुसता दाराआडचा लोकरीचा वास.

तीन वाजून दहा मिनिटं.
पाहुणा शास्त्रज्ञ लाउरी
सूप गरम करायला खाली गेलेला,
आणि पडद्यावरची झोपाळू रेघ
ताडकन उभी राहिली.
ओल्या लाकडावर कुणी रॉकेल ओतावं
तसा त्यांतला एक भडकला.
लाउरी वाडगा घेऊन वर येईपर्यंत
निम्मा विझलाही होता.
वाडगा तसाच हातात धरून
तो फिनिशमध्ये काहीतरी पुटपुटला.
शिवीच असावी.

तिनं वहीत वेळ लिहिली.
मग बोटांवर मोजलं:
हा उजेड निघून पावणेनऊ वर्षं झाली.
म्हणजे तो नोव्हेंबर.
फ्लोर्स फ्रेझरबर्गला होता
आणि तिनं ट्रकवाल्याकरवी निरोप धाडला होता,
येऊ नकोस.
चौदाव्या दिवशी आला,
दारातच बूट काढत म्हणाला,
निरोप मिळाला.
आणि पाणी तापत ठेवलं.

त्या आगीचं तेव्हा इथे
कुणाला काही कळलं नव्हतं.

पहाटे घरी गेली तर निखाऱ्यांवर पाव,
फ्लोर्स बुटाची नाडी शोधतोय.
‘त्यांतला एक पेटला रात्री.’
‘कुठला?’
‘इतक्या लांबून दोघं वेगळे दिसत नाहीत.’
त्यानं पाव उलटला. थोडा करपला होता.
‘माझा कोट दे,’ म्हणाला,
‘बाहेर बर्फ आहे.’
तिनं काढून दिला, आतून अजून गरम.
वरून दुसरं बटण नव्हतं.
ते घुमटात कुठेतरी पडलं असणार.