छाट

विडी घरकुलातली आमची खोली दहा बाय बाराची.
भिंतींवर तीन चादरी ताणल्यात खिळे ठोकून,
आवाज घुमू नये म्हणून.
मधली मोराची, तेवढी कॅमेऱ्यात येते.
तिच्यापुढं माझा भाऊ अंबादास बसतो
रात्री नऊ ते पहाटे दोन,
आणि चाळीस हजार लोक त्याला धोटा म्हणतात.

नाव नायनांनीच ठेवलं, रागात:
"धोट्यासारखा इकडून तिकडं काय पळतोस बे,
एका जागी बस की!"
तो बसला,
तेच नाव लावून.

अम्मा दिवसाला हजार विड्या वळते.
कारखान्यात तपासनीस मूठ उचलतो, छाट काढतो:
ही सैल, ही आखूड, हिचं तोंड मिटलं नाही.
का ते विचारायचं नसतं.

माझं काम तेच.
पडद्याच्या कडेनं माणसांच्या ओळी धावतात
आणि मी वेचते:
एक आईवरची शिवी, एक कर्जाची जाहिरात,
कुणा पोरीचा नंबर,
पुन्हा आईवरची.
हजारात पन्नास-साठ निघतात,
अंबादासला दिसायच्या आत.
तो मला अक्का म्हणतो, म्हणून सगळेच अक्का म्हणतात.
शिव्या देणारेसुद्धा.

भिंतीपलीकडं शेड, शेडमध्ये नायनांचे माग.
सुरुवातीला लोक विचारायचे, भाई, हेलिकॉप्टर आलं का?
खेळातल्या आभाळात खरंच शोधायचे.
मग एक सॉफ्टवेअर आलं, मागचा आवाज गाळणारं.
एका टिचकीत आठ माग गप्प.
युनियनला बावीस वर्षांत जमलं नव्हतं.

बरे दिवस होते ते.
फ्रीज आला. दातांच्या डॉक्टरकडं असते तसली खुर्ची आली.
इयरफोनवाल्या कंपनीनं खोकं पाठवलं,
त्या खोक्यात अम्मा अजून तेंदूपानं ठेवते.
मे महिन्यात सोलापूर चव्वेचाळीसवर गेलं
की ती सुपानं कॉम्प्युटरला वारा घालायची,
आजारी पोराला घालावा तसा.

जूनमध्ये तो खेळच बंद पडला.
दोन ओळींचा मेल.
आजोबांच्या मिलच्या गेटवर
निदान कागद तरी चिकटवला होता,
चार माणसं उभी राहून वाचत होती.

आता दुसरा खेळ. पाहणारे दोनशे बारा,
मग नव्वद,
मग मोजायला अंबादासनं मला मनाई केली.
अंगठा सुजतो त्याचा. अम्माचाही.
मलमाची डबी एकच, ती फक्त कोनाडा बदलते.

काल नायना लवकर आले, सूत संपलं होतं.
बनियनवर, खांद्याला टॉवेल,
सरळ मोरासमोर उभे.
कडेच्या ओळी जाग्या झाल्या:
हा म्हातारा कोण?
नवीन प्लेअर का?
आणि एक अशी, जी मी इथंही लिहिणार नाही.
काढली.

नायनांना वाचता आली नाही, पण जाताना दिसली.
"काय होतं ते?"
मागांनी कान नेलेत, म्हणून ते ओरडूनच बोलतात.
मीही ओरडले,
"टॉवेल चांगलाय म्हणाला!"

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल उतरवला, झटकला,
कॅमेऱ्यापुढं दोन्ही हातांनी धरला, काठ उलटून दाखवला.
"दुपदरी सूत. रंग जाणार नाही.
पत्ता विचार त्याला."

टॉवेलामागं अंबादासला काही दिसेना,
खेळातला त्याचा गडी गोळी लागून पडला.
त्यानं बटणांवरून हात काढले.
"विचार की अक्का."

त्या माणसाला मी कधीच हाकललं होतं.
उरलेल्या एकतीस जणांना विचारलं.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
नायना तसेच, हात ताणून.

मग कोपरगावहून एक ओळ आली:
दोन पाठवा.
निळे असतील तर.