डावीकडं वळताना

कडोलीत गिरणीच्या मागं ती सात वर्षं उभी होती.
केबिनमध्ये खुडूक कोंबडी,
हौद्यात कुणाची तरी कौलं, कुणाचा तरी पाळणा,
आणि मागच्या डाव्या चाकाखाली
परसूदादानं जाताना लावलेला दगड.
गाडी पळून जाईल असं वाटलं असावं त्याला.
पळाला तो. वेर्ण्याला,
औषधांच्या कंपनीत, बारा तासांची पाळी.

पुढच्या काचेवर कलमेश्वर प्रसन्न, मराठीत.
मागच्या फळीवर कन्नडमध्ये काहीतरी,
मधली तीन अक्षरं उडालेली.
शाळेत कन्नडला मला पस्तीस, जुळवता येईना.
गंजाला दोन्ही लिप्या येत होत्या.

दस्तगीर मिस्त्री आला, खाली सरपटला,
फक्त पाय दिसत राहिले.
अर्धा तास मी चपलांशीच बोलले.
"खुळी हैस काय गे मालन? भंगारात तीस हजार येतील.
कशाला करूलालीस हे?"
मी म्हटलं, टेम्पोवाला रताळ्याच्या पोत्याला चाळीस घेतो
आणि माझ्या वेळेला येत नाही.
चपला जरा गप्प बसल्या,
मग म्हणाल्या, "बावीसचा पाना दे."

श्रावण त्यात गेला.
उंदरांनी वायरिंग खाल्लेलं, लाल तेवढी ठेवलेली.
टाकीतून निघालं ते डिझेल नव्हे, काकवी.
क्लच प्लेट चोर्ल्याच्या घाटात जळालेली,
वास अजून हाय, म्हणाला दस्तगीर. मला नाही आला.
ब्रेक चारी चाकांना असे धरून बसलेले
जशी काही ती अजून उतारावरच आहे.

इराण्णाच्या दुकानात पंपाचं किट नव्हतं.
त्यानं हुबळीला फोन लावला, कोल्हापूरला लावला,
फोन कानाला धरूनच मला म्हणाला, "आग्तद बिडरी."
आग्तद. होतंय.
एवढाच शब्द,
आणि त्याच्यावर माझे नऊ दिवस
आणि भिशीचे अठरा हजार.

मग लाइनीतली हवा.
हातपंप मारायचा, नट ढिला करायचा.
फेस.
पुन्हा मारायचा. फेस.
अंगठ्याचं साल गेलं, दोनशेच्या पुढं मोजणं सोडलं,
आणि कधीतरी फेसाच्या मधून एक सरळ धार आली,
पिवळी, आवाज न करता.
दस्तगीरनं टोपी काढली, पुन्हा घातली.

तालमीच्या पोरांनी उतारावर ढकललं.
दुसऱ्यात टाकून क्लच सोडला
तसा एक काळा ढग गिरणीच्या भिंतीवर उमटला.
अजून आहे तिथं.
कोंबडी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

सगळं नाही झालं दुरुस्त.
ड्रायव्हरचं दार आतून उघडत नाही.
आणि स्टिअरिंग डावीकडं वळवलं की
हॉर्न आपोआप वाजतो.
तार काढतो म्हणाला दस्तगीर, पुढच्या आठवड्यात.
ते आठवडे बरेच झाले. नंतर मीच म्हटलं, राहू दे.

पहाटे साडेचारला पोती भरून निघते.
मार्केट यार्डाला डावीकडं वळावं लागतं,
कोपऱ्यावर वहिनीचं घर.
हॉर्न वाजतो. मी वाजवत नाही.
लाइट लागते, कडी पडते,
वहिनी डोक्याला स्कार्फ बांधत येते, शेजारी बसते.
तिला तोंडी हिशोब येतो, दलाल तिला भितात.
यार्डात ती आधी उतरते,
पुढनं वळसा घालून येते
आणि बाहेरून माझं दार उघडते.

परवा दादाचा फोन.
गाडी चालू केलीस म्हणे?
होय.
हॉर्न?
वाजतो की.
मग बराच वेळ नुसता त्याच्या कंपनीतला पंख्याचा आवाज.
"आणि तो दगड गे? चाकाखालचा?"
सीटखाली आहे, म्हटलं. रोज लागतो.
हँडब्रेक अजून धरत नाही.